अनुभव धागा: तालीम, डोजो (कराटे-ज्यूदोचा वर्ग) आणि एमएमएचा पिंजरा

शुक्रवारपेठी

परवा भाच्याला आणायला बाणेरच्या एका एमएमए क्लासला गेलो होतो (एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत, जाळीच्या पिंजऱ्यात होते ती). काचेबाहेर उभा राहून बघत होतो. एक पोरगा झपकन खाली गेला, समोरच्याचा गुडघा छातीशी ओढला, डोकं बरगडीला चिकटवलं आणि वळून त्याला आडवा केला. अहो, हा तर आमचा एकेरी पट! वस्ताद पहाटे हौद्यात आमच्याकडून हाच घोटून घ्यायचे. डोकं जरा बाहेर राहिलं की पाठीत रट्टा बसायचा. तांबडी माती, तिच्यातला हळद-ताकाचा वास, सगळं एकदम आठवलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी आधी कुस्ती, कराटे, ज्यूदो, मर्दानी खेळ असं काही केलंय आणि नंतर एमएमए करून पाहिलंय (किंवा उलट), त्यांनी लिहा. अंगात काय टिकलं? काय उपयोगी पडलं नाही? कोण भारी यावरून भांडण नको, अनुभव हवेत.

माझं मत आधीच सांगतो. ज्या विद्येत रोज समोरचा खरोखर विरोध करतो, ती कुठल्याही मैदानात तग धरते. मग ती तालमीतली असो नाहीतर पिंजऱ्यातली.

हडपसरचा_मल्ल

कंपनीच्या बसमधून लिहितोय. मी दहावीपासून तालमीत, नंतर नोकरी लागल्यावर एमएमए.

कुस्तीत पाठ लागली की खेळ खल्लास. त्यामुळे खाली आलो की पालथं पडायचं, कोपरं आत, हनुवटी छातीला, आणि वरच्याला वळवू द्यायचं नाही, हे हाडात भिनलेलं असतं. एमएमएच्या सुरुवातीच्या स्पारिंगला अंगाने आपोआप तेच केलं. माझ्यापेक्षा बराच हलका पोरगा पाठीवर चढला, दोन्ही टाचा मांड्यांत रुतवल्या आणि त्याचा हात माझ्या गळ्याखालून सरकला. डोळ्यांपुढे काजवे. कोच म्हणाले, "पैलवान, इथे पाठ टेकली तर चालते. पाठ दिली तर नाही."

उताणं पडून लढायचं हे मनाला पटायलाच कितीतरी दिवस गेले. दुसरं म्हणजे हाताने थाप देऊन हार मानणं. तालमीत लहानपणापासून शड्डू ठोकायला शिकवलेलं, आणि इथे अडकलो की समोरच्याच्या अंगावर थाप मारून सुटायचं. पण त्या थापेमुळेच एका संध्याकाळी वीस वेळा गळा आवळून घेता येतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. हे कळल्यावर मला ती पद्धत फार आवडली.

टिकलं काय? कंबर, पकड, तोल. क्लासमध्ये मला खाली घेणं आजही कुणाला सोपं जात नाही. जोर-बैठका आणि सपाट्यांचा दम पाच मिनिटांच्या राउंडला पुरतो. फक्त पट काढायला जाताना मध्ये ठोसे आहेत, ते अंतर कापायचं शिकावं लागलं. आणि डोकं बाहेर राहिलं तर वस्तादांचा रट्टा नाही, सरळ गिलोटिन, म्हणजे समोरून मानेला हाताचा विळखा घालून गळा आवळणं. आपला भरत खंडारे २०१७ ला शांघायमध्ये यूएफसीत (एमएमएची मोठी व्यावसायिक स्पर्धा) उतरला, तोही कुस्तीतलाच. पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनमध्ये अडकला. मला फार लागलं होतं ते.

गवतीचहा

मल्ल, कानांचा फोटो टाका 😄

हडपसरचा_मल्ल

उजवा कान कुस्तीत सुजून कायमचा वाकडातिकडा झालाय. हेडफोन बसत नाही.

सदाफुली

मी स्वतः काही केलेलं नाही, मुलगी कराटेला जायची म्हणून लिहिते. दर थोड्या महिन्यांनी बेल्टची परीक्षा, परीक्षेची फी, सर्टिफिकेटची फी, नव्या पट्ट्याचे पैसे वेगळे. पट्टे बदलत गेले, पण तिथे कुणी कुणाला कधी धक्कासुद्धा मारला नाही. हवेत ठोसे आणि "कियाय". एकदा शाळेत एका मुलाने तिचा हात पिरगळला तर ती नुसती उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, आई, तो हलत होता ना. क्लासमध्ये कुणी हलतच नाही.

हे वाक्य मी अजून विसरले नाही. क्लासचं नाव लिहीत नाही, तिथल्या ताई स्वभावाने चांगल्या होत्या.

पेठेतली_सून

@सदाफुली अगदी अगदी. आमच्याकडेही पट्ट्यांचा हँगर भरलाय.

डोजोतला

सदाफुली ताई, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण त्यात दोष शिकवण्याचा, कराटेचा नाही. मी कोथरूडला क्योकुशिन (पूर्ण ताकदीने मारायचा कराटेचा प्रकार) करायचो. आमच्याकडे कुमितेमध्ये, म्हणजे जोडीच्या लढतीत, छातीवर, मांडीवर पूर्ण ताकदीने बसतं. फक्त तोंडावर हाताने ठोसा मारायचा नाही. मांडीवर लाथा खाऊन जिना उतरता यायचा नाही.

एमएमएत गेल्यावर काय झालं, ते प्रामाणिकपणे लिहितो. हात खाली राहायचे, कारण तोंडावर ठोसे येण्याची सवयच नव्हती. ते सुधारायला वेळ गेला. पण अंतराचा अंदाज, समोरचा हलण्याआधी खांद्यावरून ओळखणं, आणि सरळ पुढची लाथ ही माझी तिथली कमाई ठरली. ल्योटो माचिदा तर शोतोकान कराटेचा, वडिलांकडेच शिकलेला. २००९ मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला. २०११ मध्ये त्याने रँडी कूटूरला उडी मारून पुढच्या लाथेने पाडलं. ती लाथ आपण सगळे पिवळ्या पट्ट्यापासून मारतो! फरक इतकाच की त्याने ती हलणाऱ्या माणसावर मारून मारून पक्की केली होती. यूएफसीचा दुसरा विजेता जॉर्ज सेंट-पिएरही मुळात क्योकुशिनचा.

काता (एकट्याने हवेत करायच्या ठरलेल्या हालचाली) निरुपयोगी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कातामुळे कंबर आणि पाय एका वेळी फिरायला शिकतात. पण नुसत्या कातावर थांबलं तर ती मुलगी म्हणाली तेच होतं.

जुनापाणी

थोडा इतिहास, कारण हा वाद आजचा नाही. १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेले. समोर पोलंडचा पैलवान झ्बिस्को, अंगाने कितीतरी दांडगा. तो सुरुवातीलाच मॅटवर पालथा पडला आणि जवळजवळ अडीच तास तसाच चिकटून राहिला. गामांना त्याला उलटवता आलं नाही, कुस्ती बरोबरीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा ठरली तर झ्बिस्को आलाच नाही. मल्ल म्हणतात ते पालथं पडणं इथेही आलं बघा. त्या नियमांत पालथं पडल्याने झ्बिस्को वाचला, आजच्या पिंजऱ्यात पाच मिनिटं टिकला नसता.

मग १९७६. जूनमध्ये टोकियोत बॉक्सर मुहम्मद अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर इनोकी. इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर बसून-पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. लोकांनी शिव्या घातल्या, पण अलीचे पाय खरोखर सुजले होते. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला इनोकी आणि अक्रम पैलवान, गामांच्याच घराण्यातले. इनोकीने हात पिरगळून कुलूप लावलं. पैलवान हार मानेना आणि हात निकामी झाला. आमच्या घरी आजोबा हे सांगताना गप्प व्हायचे. कुस्तीत हार मानायची खूण शिकवलेलीच नसते हो.

शुक्रवारपेठी

@जुनापाणी काका, अक्रम पैलवानांचं माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

औंधवाली

पोळ्या करता करता लिहितेय. मी ज्यूदो. ज्यूदोवाल्यांना कुणी विचारतच नाही म्हणून आधी हे: १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, वजनगट नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती. बॉक्सर होता, सुमोवाला होता, कराटेवाले होते, आणि जिंकला तो सडपातळ रॉयस ग्रेसी. एकाच रात्री तीन लढती. ती ग्रेसी मंडळींची विद्या (ब्राझिलियन जुजुत्सू) आली कुठून? जपानी ज्यूदोका माएदा ब्राझीलला गेला, त्याच्याकडून. म्हणजे मूळ आमचंच!

आणि ज्यूदो का चालला? जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये कोदोकान काढलं, तेव्हा जुन्या जपानी जुजुत्सूतले इजा करणारे डाव मोकळ्या सरावातून बाजूला ठेवले. मग उरलेल्या डावांवर पोरं पूर्ण जोर लावून एकमेकांना रोज फेकू शकली. "आमची विद्या इतकी घातक की सराव करता येत नाही" असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. ज्याचा सराव नाही ते ऐन वेळी हाताला येत नाही.

एमएमए मी थोडंच केलं. गी (ज्यूदोचा जाड अंगरखा) नसल्यावर पकडायचं काय हाच प्रश्न, घामाने हात सटकतात. पकड मनगट, मान, काखेत बदलून घ्यावी लागली. पण मला ज्यूदोने जे दिलं ते गेल्या पावसाळ्यात कळलं. डेक्कनला स्कूटर घसरली. काही विचार करायच्या आत हनुवटी छातीला गेली, हात पसरून जमिनीवर आपटला, मनगट टेकवलं नाही. खरचटलं फक्त. मागून येणाऱ्या काकांनी उठवलं आणि विचारलं, सर्कसमध्ये होतात का!

गवतीचहा

सर्कस 😂 काळजी घ्या ताई. डेक्कनला पाऊस पडला की काय होतं ते माहितीये.

पेठेतली_सून

त्या चौकात माझीही गाडी घसरली आहे. मी मात्र मनगटावर पडले, सहा आठवडे प्लास्टर. औंधवाली, मोठ्या बायकांना नुसतं पडायला शिकवणारं कुणी आहे का? लढायचं नाहीये, पडायचं शिकायचंय.

औंधवाली

कुठल्याही ज्यूदो क्लासला जाऊन "फक्त उकेमी शिकायचीय" असं सांगा, उकेमी म्हणजे इजा न होता पडणं. बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. घाई करू नका.

निवांत_सहकारनगर

वय ६४. रोज सकाळी बागेत ताई-ची करतो. २०१७ मध्ये चीनमध्ये शू शियाओडोंग नावाच्या एमएमएवाल्याने एका ताई-ची गुरूला काही सेकंदांत पाडलं, तो व्हिडिओ माझ्या मुलाने मला मुद्दाम पाठवला होता. मी पाहिला. त्या गुरूंनी आव्हान स्वीकारायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जी गोष्ट आपण करत नाही ती करतो असं लोकांना सांगू नये.

पण माझा गुडघा, माझा तोल, रात्रीची झोप हे सगळं या सरावाने सुधारलं आहे. आमच्या गटातल्या एका आजींना आधाराशिवाय जिना चढता येत नव्हता, आता येतो. ही विद्या पिंजऱ्यात मोजायची नाही, जिन्यावर मोजायची.

हडपसरचा_मल्ल

काका 🙏 पटलं.

मावळतीकर

मर्दानी खेळाबद्दल कुणीच लिहिलं नाही. मी लाठी आणि दांडपट्टा, गणपतीत मिरवणुकीत खेळतो. पुण्यात निम्मी मंडळं तालमीतून निघालेली. मानाचा तिसरा गणपतीच गुरुजी तालमीचा, आणि आज मंडळाच्या पोरांना ढोल येतो, एक डाव येत नाही याचं दुःख होतं.

आमचा खेळ एमएमएशी तुलना करण्यासारखा नाही, शस्त्राची विद्या वेगळी. तरी सांगतो, लाठीवाल्याचे पाय बघा. एका जागी थांबतच नाहीत. बॉक्सिंग शिकायला गेलो तर सर म्हणाले पायांचं काम कुठून आणलंस. मित्र मल्लखांबवाला, त्याची पकड सुटत नाही कुणाला. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईत मल्लखांब वर आणला तो मल्लांच्या तयारीसाठीच ना. या गोष्टी एमएमए क्लासमध्ये नेल्या पाहिजेत. दोरी चढायला लावतात, मग पुरलेला मल्लखांब का नको?

डोजोतला

@मावळतीकर +१. छत पुरेल असा हॉल मिळाला पाहिजे पण.

रविवारची_मिसळ

मी फक्त बघणारा. रविवारी सकाळी मिसळ आणि यूएफसी. जून २०२४ मध्ये पूजा तोमर लुइव्हिलला जिंकली, यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय. ती वुशूतून (चिनी युद्धकला) आलेली, म्हणजे पारंपरिकवालीच की! तिच्या लाथा बघा. तिसऱ्या राउंडला मी खुर्चीवर उभा होतो, बायको म्हणाली रस्सा सांडतोय.

बाकी खुराकाचं कुणी लिहा ना. शाकाहारी माणसाने एमएमए करताना खायचं काय? बदामाची थंडाई परवडत नाही आता.

हडपसरचा_मल्ल

थंडाई सोडा, हरभरे भिजवून खा, दूध, पनीर, शेंगदाणे. तालमीतही सगळ्यांना बदाम मिळत नव्हते.

सदाफुली

एक विचारायचं होतं. मुलगी आता एमएमएला जायचं म्हणतेय. तिथे मॅटवर एकमेकांचा घाम, त्यातून गजकर्ण होतं असं ऐकलं. खरं का?

कानाचे_डॉक्टर

ताई, खरं आहे. मॅटवर अंगाला अंग घासतं, त्यामुळे बुरशी सहज पसरते. मॅट रोज जंतुनाशकाने पुसतात का ते आधी विचारा. घरी आल्या आल्या साबणाने अंघोळ, कपडे त्याच दिवशी धुवायचे, टॉवेल कुणाशी वाटून घ्यायचा नाही. गोल चट्टा दिसला तर क्लास बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं अजिबात लावू नका. खाज दोन दिवस थांबते आणि चट्टा पसरत जातो.

आणि कानाचं मल्लांना उशीर झाला, इतरांसाठी सांगतो. कान सुजून मऊ झाला तर त्यात रक्त साठलेलं असतं. ते लवकरात लवकर डॉक्टरांकडून काढून वर दाबपट्टी बांधून घ्यायची. थांबलात तर कूर्चा आक्रसून कान कायमचा तसाच राहतो. घरी सुईने टोचू नका, संसर्ग होतो. मुलीला कानाचं गार्ड आणि दातांचं गार्ड दोन्ही घ्या. दातांचं उकळत्या पाण्यात मऊ करून तिच्या दातांवर बसवायचं मिळतं, ते चालेल. ब्रेसेस असतील तर आधी दातांच्या डॉक्टरांना विचारा.

सदाफुली

ब्रेसेस आहेत! बरं झालं सांगितलंत. उद्याच फोन करते.