जनाबाईनं विठोबाला घातलेल्या शिव्या देवळात म्हणाव्यात की नाही?

पेठकरी
आमच्या पेठेतल्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला भजन असतं. गेल्या खेपेला बारावीत शिकणाऱ्या एका पोरीनं जनाबाईचा अभंग घेतला. "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या." आवाज खणखणीत, पखवाजही छान लागला होता. दुसऱ्या कडव्याला पुढं बसलेले एक ज्येष्ठ उठले, टाळ खाली ठेवला आणि म्हणाले, "देवळात देवाला शिव्या? बंद करा." पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिच्या बाजूनं कुणी बोललं नाही. मीही नाही. ते तेव्हापासून सलतंय, म्हणून इथं लिहितो.

माझं म्हणणं असं की ही निंदा नाहीच, ही स्तुती आहे. आपल्या काव्यशास्त्रात तिला नाव आहे, व्याजस्तुती. 11व्या शतकातल्या मम्मटानं काव्यप्रकाशात तिचं लक्षण दिलंय: तोंडावर निंदा आणि आत स्तुती, किंवा याच्या उलट. शिवमहिम्न घ्या. त्यात महादेवाच्या घरातलं सामान मोजलंय. म्हातारा बैल, खट्वांग, परशू, कातडं, राख, साप, कवटी. संपला संसार! आणि पुढच्याच ओळीत, तुझ्या नुसत्या भुवईच्या इशाऱ्यावर देवांना वैभव मिळतं. हे आपण अभिषेकाला डोळे मिटून ऐकतो. संस्कृतात असलं की चालतं, आणि दळण दळणारी बाई मराठीत बोलली की झोंबतं, हे मला पटत नाही.

जनीचे शब्द नीट ऐका. दुसऱ्या कडव्यात ती विठोबाच्या बायकोला रंडकी म्हणते, आणि त्याच दमात "जन्मसावित्री चुडा ल्याली". शाप देता देता अखंड सौभाग्य देऊन बसली! पुढं "तुझे गेले मढे", नळावरच्या भांडणात ऐकू येतं तसलं. पण लगेच "तुला पाहून काळ रडे". ज्याला बघून काळालाच रडू फुटतं, त्याचं मढं कोण नेणार?

जुना टाळकरी
पेठकरी, अर्थ तुम्ही सुरेख लावलात. पण तो लिहून दाखवायला तुम्हाला अख्खा परिच्छेद लागला. देवळात बसलेल्या माणसाच्या कानावर आधी शिवी पडते. अर्थ कोण सांगणार?

दुसरं, अधिकाराचं. जनी नामदेवाच्या घरची दासी. तिच्या जात्याचा खुंटा देव धरायचा, असं आपण मानतो. ती भांडेल, शिव्या देईल, तो त्या दोघांचा घरातला मामला. आपण माईक लावून तेच म्हणायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं भांडण चौकात आणल्यासारखं आहे. कालिदासाच्या कुमारसंभवात ब्रह्मचारी येऊन पार्वतीपुढं शंकराची निंदा करतो, तेव्हा ती काय म्हणते? "न केवलं यो महतोऽपभाषते, शृणोति तस्मादपि यः स पापभाक्." थोरांना नावं ठेवणाराच नव्हे, ऐकून घेणाराही पापाचा धनी. त्या ज्येष्ठांना हेच शिकवलं गेलं असणार. त्यांचा सूर चुकला, पोरीला असं सगळ्यांसमोर तोडायला नको होतं. पण त्यांचा मुद्दा चुकला असं मी म्हणणार नाही.

करवीरची लेक
काका, तो ब्रह्मचारी कोण होता तेही सांगा की! खुद्द महादेव. नंग्या, जन्माचा पत्ता नाही, डोळे विचित्र, ही सगळी निंदा कालिदासानं देवाच्याच तोंडी घातलीय. पार्वती उठून चालायला लागते आणि तो खऱ्या रूपात तिची वाट अडवतो. म्हणजे ती निंदा देवानंच केली, देवानंच ऐकली.

आणि आपण राहतो कुठं? कोल्हापुरात. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर का जाते? कोल्हासुराच्या वधानंतरच्या उत्सवात त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला, बोलवायचं राहून गेलं, ती रुसली आणि शहराकडं पाठ करून टेकडीवर बसली, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. मग अंबाबाई स्वतः समजूत काढायला गेली. मी लहान असताना आजीच्या कडेवरून तिथला कोहळा फुटताना बघितलाय. गर्दीत चप्पल गेली होती माझी, ते अजून आठवतं. देवी देवीवर रुसते आणि दुसरी पायऱ्या चढून येते, हे आपण दरवर्षी बघतो. मग भक्तानं देवावर चिडलं तर विटाळ कसला? आपल्याकडं जिवाभावाच्या माणसाला कोण "अहो-जाहो" करतं? कोल्हापुरात दोस्त भेटला की पहिला शब्द कुठला निघतो, ते काकांनाही ठाऊक आहे.

तालमीतला
ताई, दोस्ताला कट्ट्यावर शिवी देतो, त्याच्या आईसमोर न्हाय. जागा बघून बोलावं लागतं. जुन्या टाळकऱ्यांशी सहमत.

वाटसरू
मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. "आत स्तुती आहे" म्हणून तुम्ही जनीला वाचवताय, पण त्यात तिचा राग पुसून टाकताय. व्याज म्हणजे सोंग, निमित्त. जनीनं सोंग कुठं घेतलं? अभंगाच्या शेवटी ती स्वतःच सांगते, "उभी राहूनी अंगणी, शिव्या देत दासी जनी." ती शिव्याच म्हणते. आपण त्याला अलंकाराचं नाव देऊन मोकळे होतो.

नोकरीनिमित्त काही वर्षं मी हैदराबादेत होतो. तिथं भद्राचलचे रामदास घरोघरी ऐकायला मिळतात. 17व्या शतकातले कुतुबशाहीचे तहसीलदार. सरकारी वसुलीच्या पैशातून रामाचं देऊळ बांधलं आणि गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कैदेत पडले. तिथून ते रामाला हिशेब विचारतात. सीतेला पदक केलं, त्याला दहा हजार वराह, म्हणजे सोन्याची नाणी, लागले. अमक्याला हे केलं, तमक्याला ते. कुणाच्या बापाच्या पैशावर एवढा मिरवतोस? इथवर कुणीही निंदास्तुती म्हणेल. पण शेवटी ते काय म्हणतात बघा: शिव्या दिल्या म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस रामचंद्रा, मार सोसवेना म्हणून तोंडातून निघून गेल्या. शेजारच्या तेलुगू काकूंनी मला याचा अर्थ सांगितला, तेव्हा सांगता सांगता त्यांचाच गळा दाटला. याला अलंकार म्हणायची माझी हिंमत नाही.

आपल्या तुकोबांचंही तेच. "माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल." यात आतून कुठली स्तुती काढणार? माणूस खरोखर दुखावलाय.

पेठकरी
वाटसरू, तुमचं वाचून थांबलो. "व्याज" हा शब्द जनीला तोकडा पडतो, मान्य. महिम्नातला कवी शब्द तोलून मापून लिहितो. जनी अंगणात उभी राहून ओरडते. दोन्ही एकाच खणात ठेवायला नको होतं मी.

पण "काळ रडे" माझ्या डोक्यातून जात नाही. राग खरा आहे, आणि रागाच्या भरातही तिच्या तोंडून देवाला छोटं करणारा शब्द निघत नाही. आई पोराला "मर मेल्या" म्हणते तेव्हा तिच्या हातातलं ताट त्याच्यासाठीच वाढलेलं असतं.

जुना टाळकरी
मग शिशुपालाचं काय? त्यानंही कृष्णाला शिव्याच दिल्या. आत्याला दिलेल्या शब्दाखातर शंभर अपराध पोटात घातले गेले. भागवत तर म्हणतं, द्वेषानं का होईना, चिंतन त्याचंच केलं म्हणून त्यालाही मुक्ती मिळाली. जनी आणि शिशुपाल यांच्यात फरक काय, हे मला कुणीतरी सांगा. मी वाद घालायला विचारत नाही, खरंच विचारतोय.

वाटसरू
शिशुपालाला कृष्ण नको होता. त्याच्याकडून काही मागायचंही नव्हतं. बाकीच्या सगळ्या शिव्या मागणाऱ्यांच्या आहेत. नामदेवांचा अभंग घ्या: "पतितपावन नाम ऐकुनी आलो मी द्वारा, पतितपावन न होसि म्हणुनी जातो माघारा." पुढं तर देवाला कंजूष म्हणतात. घेतोस तेव्हा देतोस, हे कसलं औदार्य? "जातो माघारा" म्हणणारा तो माणूस गेला कुठं? पंढरपूरला महाद्वारात जाऊन बघा. पहिल्याच पायरीला आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय तिथं अडतो, माणूस वाकतो, मग पुढं जातो. ज्या दाराशी भांडला, तिथंच राहिला.

करवीरची लेक
ही पायरी मी दरवर्षी बघते, आणि हा अभंग तिच्याशी कधी जोडला नव्हता.

जुना टाळकरी
मीही नाही. चाळीस वर्षं वारी करतोय.

पेठकरी, देवळात जनीचं दुसरं कडवं पोरीनं म्हणावं का, यावर माझं मत अजून तेच आहे. तो शब्द बाईमाणसाला लागतो. रस्त्यावर तो शिवी म्हणून ऐकलेली कुणी विधवा त्या भजनात बसलेली असेल, तर तिनं चुड्यापर्यंत थांबायचं का? पण "जातो माघारा" म्हणायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. आणि तुम्ही त्या पोरीच्या घरी एकदा जाऊन या. पुढच्या एकादशीला ती आली नाही, तर इथं आपण कितीही लिहिलं तरी उपयोग नाही.