ढगातून येणारा हात

काही जण म्हणतात की युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात झालेल्या तीस वर्षांच्या युद्धातली (१६१८-१६४८) धार्मिक छापचित्रं ही निव्वळ भक्तीची चित्रं होती. मला हे अजिबात पटत नाही.

स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडोल्फ १६३० मध्ये जर्मन किनाऱ्यावर उतरला, त्यानंतर प्रोटेस्टंट शहरांत निघालेली एकपानी पत्रकं बघा. वर तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, खाली पद्य. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवणार. चित्रात ढगातून एक हात बाहेर येतो आणि राजाला तलवार देतो. तो हात कुणाचा, हे वेगळं सांगावं लागत नसे. कुठे राजाच सिंह झालाय, 'मध्यरात्रीचा सिंह', कारण जर्मनमध्ये मध्यरात्रीचा शब्द तेव्हा उत्तर दिशेलाही वापरत. दारात परकं सैन्य आलंय ही गोष्ट त्या एका हाताखाली झाकली जाते.

कॅथलिक बाजूही मागे नव्हती. १६२० साली प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत डॉमिनिकस या कार्मेलाइट पंथाच्या कॅथलिक साधूने येशूजन्माचं एक छोटं चित्र कॅथलिक सैन्यापुढे धरलं. त्यातल्या मेरी आणि जोसेफचे डोळे खरवडून काढलेले होते, आणि ते प्रोटेस्टंटांचं काम मानलं गेलं. सैनिकांना पेटवायला आणखी काय लागतं? पुढे ते चित्र रोमला नेलं, तिथल्या चर्चचं नाव बदलून 'विजयाची मेरी' झालं, आणि छापचित्रांतून ते डोळे नसलेले चेहरे लढाई न पाहिलेल्यांपर्यंतही पोचले.