नर्सिंगच्या मुलींना ताण कसला? म्हणे मोबाइलचा!

ऐरोलीची_लेक: काल इथे एका काकांनी लिहिलं, "नर्सिंगच्या मुलींना अभ्यासाचा नाही, मोबाइलचा ताण आहे. फोन काढून घ्या, ठणठणीत होतील." काका, मी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मॉर्निंग ड्यूटीला ऐरोलीहून पहाटेची पनवेल लोकल पकडते, वॉर्डात फोन बॅगेतच असतो. पहिला पेशंट गेला तेव्हा रडले, पण झोप लागली. झोप उडाली ती नातेवाइकांदेखत "साधं बीपी घेता येत नाही?" ऐकल्यावर. ट्यूटर सांगणार असं कर, इन्चार्ज सिस्टर म्हणणार पुस्तक बाजूला ठेव. आम्ही ऐकायचं कुणाचं? वर घरी येऊन केअर प्लॅन, म्हणजे प्रत्येक पेशंटची काळजी कशी घ्यायची ते, हाताने लिहा.

जुनी_सिस्टर: ओरडा आम्हीही खाल्ला. १९९२ला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला होते, नाइटला चाळीस खाटांवर मी आणि एक मावशी. तुम्ही बीएस्सीवाल्या चार वर्षं फाइली रंगवता आणि सलाईन लावताना हात थरथरतो.

ऐरोलीची_लेक: आलंच बीएस्सी-जीएनएम! थरथरणारच ना, सुई हातात देता कुठे? "तू बेड कर, ट्रॉली पूस, हे सॅम्पल लॅबला टाकून ये."

जुनी_सिस्टर: बेड करणं कमीपणाचं वाटतं का? पाठीखाली हात घातल्याशिवाय बेडसोर, पडून पडून होणारी जखम, कळत नाही बाई. तो तुमच्या फाइलीत सापडत नाही.

ऐरोलीची_लेक: कमीपणा नाही हो. दिवसभर तेवढंच केलं तर शिकायचं कधी?

नेरूळचा_ब्रदर: भांडा खुशाल, आर.एन.आर.एम., म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि सुईण, हे दोघींच्याही नावापुढे लागणार. माझं ऐका. लेबर रूमच्या पोस्टिंगला मी पडद्याबाहेर उभा, आणि लॉगबुकात डिलिव्हरीवर सही हवी! घरी मामा अजून वॉर्डबॉय म्हणतो. आणि काका, नर्सिंगला फक्त मुली नसतात.

ट्यूटर_कोपरखैरणे: तैवानमध्ये १९९७ साली नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा ताण मोजायची प्रश्नावली तयार झाली. त्यात सहा गट आहेत: पेशंटची काळजी, शिक्षक आणि स्टाफ, असाइनमेंट, ज्ञान-कौशल्य कमी पडणं, हॉस्पिटलचं वातावरण, सोबती आणि रोजचं जगणं. मोबाइल नाही.

पुतणीचा_काका: मॅडम, १९९७ला मोबाइल होता कुणाकडे?

ट्यूटर_कोपरखैरणे: हा मुद्दा तुमचा, घ्या. ओरडणाऱ्यांत मीही आहे, तेही लिहून टाकते. पण प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के भरल्याशिवाय डिग्री नाही, हा नर्सिंग कौन्सिलचा नियम. ताप असला तरी ती ड्यूटी नंतर भरून द्यावी लागते, आणि रजा नाकारणारी वाईट बाई मी.

जुनी_सिस्टर: ताप आला म्हणून आम्ही कधी...

ऐरोलीची_लेक: हो, तुम्ही लोखंडाच्या होतात. मान्य!

जुनी_सिस्टर: लोखंडाची नव्हते ग. बाथरूममध्ये जाऊन रडायचे. पण सलाईन लागायची.

पुतणीचा_काका: माझी पुतणी रात्री दोनपर्यंत फोनवर असते, म्हणून लिहिलं होतं. आत्ता विचारलं तिला. केअर प्लॅनच उतरवत होती म्हणे, मैत्रिणीने पाठवलेल्या फोटोवरून. म्हणजे मोबाइल होताच की नाही?