अनुभव धागा: कुणाच्या चुलीपाशी बसलात, कोण तुमच्या पंगतीला आलं?

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू बऱ्याचदा पाहुणा म्हणूनच जेवतो. लेवीकडे, मार्थेकडे, परूशी (कर्मठ यहुदी पंथातल्या) शिमोनाकडे. जक्कयाकडे तर तो आपणहून उतरतो. आपल्या मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) मात्र जेवू घालण्याचं कौतुक फार, दुसऱ्याकडे जाऊन जेवण्याच्या गोष्टी कमी. म्हणून विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या भावाबहिणींनो, तुमचे अनुभव लिहा. ख्रिस्ती नसाल तरी जरूर लिहा.

अचलपूर तालुका, नातू
माझ्या आजोबांना कुष्ठरोग होता. घरी त्यांचं ताट गोठ्यात वेगळं असायचं, भाकर वरून टाकायचे. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे, तिथे ते उपचाराला गेले. बोटं आखडलेली, घास धरता येत नसे. तिथला एक कामदार दुपारी आपला डबा घेऊन त्यांच्या खाटेवर बसायचा. ज्वारीची भाकर बारीक कुस्करायची, अंबाडीची भाजी आणि तेल घालून एकाच ताटात कालवायची, आणि त्यातूनच दोघांनी जेवायचं. देवाधर्माचं तो काही बोलत नसे. शेवटी आजोबांनीच विचारलं, "तुले माही किळस नाही येत काय गा?" तो म्हणाला, "माहा प्रभू शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी जेवला, मंग मी कोन लागून गेलो?" मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 26व्या अध्यायातला तो भाग आजोबांनी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. बाप्तिस्मा पुष्कळ उशिरा झाला. पण आमच्या घरात विश्वास त्या ताटातून आला, असं बाबा आजही सांगतात.

यवतमाळ जिल्हा, शेतकरी
मी बौद्ध आहो. गावचा पाळक, म्हंजे चर्चचा पाद्री, अन् मी धुऱ्याचे शेजारी. तुरी निघाल्या का वावरात रोडगे करतो. गवऱ्याच्या आरात कणकीचे गोळे टाकाचे, राख झटकून फोडले का आतून वाफ निघते. वरून तूप, वरण, वांग्याची भाजी. जेवाच्या आधी तो डोये मिटून प्रार्थना करते, मी थांबतो. मी दीक्षाभूमीवर जातो तवा माही ढोरं तोच पाहते. 'चर्चमंदी ये' असं त्यानं कधी म्हणलं नाही. पोरगी दवाखान्यात होती तवा मीच म्हणलं, "तुह्या देवाले सांग बाप्पा." रातभर बसला माह्यासंग. मी आजही बौद्धच आहो, पण त्याच्या येशूवर माहा जीव आहे.

धागाकर्ती: भाऊ, बरं झालं लिहिलंत. ताट पुढे करून बदल्यात विश्वास मागणाऱ्यांचा मला राग येतो. लूकच्या शुभवर्तमानात, 14व्या अध्यायात, येशू सांगतो, ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना जेवायला बोलाव. त्या परतफेडीत बाप्तिस्माही आला, असं मी मानते.

वाशीम जिल्हा, सून
लग्नानंतर मी प्रभूला मानू लागले, तेव्हा सासूबाईंनी माझी चूल वेगळी केली. (लक्ष्मीबाई टिळकांकडे उलट होतं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांच्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा.) उन्हाळ्यात कुरड्या आल्या. गव्हाचा चीक शिजवताना सारखा घोटावा लागतो, नाहीतर गाठी होतात. एकटीचं काम नाही. सासूबाईंनी हाक मारली, "ये वं, धर हे." झाल्यावर गरम चीक वाटीत काढला, वर दूध-साखर. आधी मला दिला, मग त्याच वाटीत स्वतः घेतला. चूल पुन्हा एक झाली. त्या आपली पूजा करतात, मी शास्त्र वाचते. आता संध्याकाळी म्हणतात, "मोठ्यानं वाच, मीबी आयकतो."

बुलढाणा जिल्हा, मंडळीतला आचारी
आमच्याकडे नाताळात सगळ्या गावाला जेवण असतं. मटण न खाणाऱ्यांसाठी चूल वेगळी, भांडी वेगळी, वाढपीही वेगळे. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की अन्नामुळे भाऊ अडखळत असेल तर मी मांस खाणारच नाही. पहिली पंगत त्यांचीच बसते, आणि आमचे पाळक त्यांच्यातच वरण-पोळी जेवतात.