मदत हवी आहे: घरच्या स्टिरिओत स्वस्तातला ट्यूब बफर लावावा का?

नमस्कार मंडळी,

सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ट्यूब बफर (व्हॉल्व्हवर चालणारा, सिग्नल पुढे पोहोचवणारा छोटा बोर्ड) बसवायचा विचार चालू आहे. ज्यांनी हे स्वतः करून पाहिलंय त्यांचा सल्ला हवाय.

सेटअप असा: साधा सीडी प्लेअर, दर चॅनलला ५० वॉटचा इंटिग्रेटेड ॲम्प आणि स्टँडवर ठेवलेले दोन बुकशेल्फ स्पीकर. खोली १२ बाय १४, खाली टाइल्स, एका बाजूला पूर्ण सरकती काच. ऐकणं बहुतेक शास्त्रीय गायन, त्यातही जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगवरून काढलेल्या सीडीज.

मध्य सप्तकात सगळं गोड लागतं, तानपुरा सुंदर उलगडतो. गायक तार षड्जावर गेला की मात्र आवाजाला धार येते, आणि पेटी सोबत असेल तर दोन्ही मिळून कानाला टोचतात. आई लगेच म्हणते, "अरे, जरा बारीक कर." ट्रेबल कमी केला तर टोचणं थांबतं, पण तानपुऱ्याची जवारीही जाते आणि तबल्याच्या चाटेवरचा कडकपणाही. जवारी गेलेला तानपुरा मला ऐकवत नाही. म्हणून टोन कंट्रोलचा मार्ग नको.

ऑनलाइन दोन ६जे१ ट्यूबवाले तयार बोर्ड मिळतात, १२ व्होल्टवर चालणारे. बजेट ३,००० रुपये, ट्रान्सफॉर्मर आणि डब्यासकट. सोल्डरिंग येतं, पण २००-३०० व्होल्टच्या सर्किटला हात लावायची माझी तयारी नाही. घरात लहान मूल आहे.

तर प्रश्न असे. अशा बफरने तार सप्तकातली धार खरंच कमी होते का? ६जे१ ठीक, की थोडं थांबून १२एयू७ ट्यूबवालं घ्यावं? आणि हम (स्पीकरमधली सततची घुमघुम) येऊ नये म्हणून आधीपासून काय काळजी घ्यावी? ॲम्पलाच केबलचा सेटटॉप बॉक्सही जोडलेला आहे.

---

प्रतिसाद:

मी जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करतो, अशा बोर्डांवरही बरंच काम केलंय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक "नाही" असंच आहे.

बफरचं काम एवढंच की आधीच्या उपकरणावर भार पडू द्यायचा नाही आणि पुढच्याला जोमाने सिग्नल द्यायचा. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, त्याचा आउटपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा आतला विरोध) काहीशे ओहम. ॲम्पचा इनपुट १० ते ५० किलोओहम. तिथे बफरला करण्यासारखं काही उरतच नाही. मध्ये १०० किलोओहमचा पॅसिव्ह व्हॉल्यूम आणि पुढे लांबलचक वायर असती, तर वरच्या फ्रीक्वेन्सी गळाल्या असत्या आणि बफर खरोखर उपयोगी पडला असता. तुमचं तसं नाही.

आता ट्यूबचा गोडवा. तो बराचसा दुसऱ्या हार्मोनिकचा असतो. दुसरा हार्मोनिक म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला जोडीदार, मध्य षड्जाला तार षड्ज. म्हणून तो कानाला खटकत नाही, आवाज भरल्यासारखा वाटतो. पण ही भर आहे. रेकॉर्डिंगमध्ये किंवा खोलीत असलेली धार ट्यूब काढून घेत नाही. शिवाय ट्यूब खरोखर कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारी जोडणी) म्हणून जोडली असेल तर तिचं डिस्टॉर्शन इतकं कमी असतं की तो रंगही फारसा येत नाही. रंग येतो तो वाढ करणाऱ्या स्टेजमधून, आणि बफर म्हणून विकले जाणारे कितीतरी बोर्ड आतून तशीच स्टेज असतात.

इथे एक सापळा आहे. असा बोर्ड लावला की आवाज थोडा मोठा होतो, आणि थोडा मोठा आवाज कानाला बहुतेकदा चांगला वाटतो. १ किलोहर्ट्झचा टोन लावून, मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचे एसी व्होल्ट दोन्ही वेळा सारखे करा, मगच तुलना करा. याशिवाय दिलेल्या कुठल्याही मतावर मी विश्वास ठेवत नाही.

तरीही लावायचाच असेल तर ६जे१ घ्या. ही छोटी सात पिनांची पेंटोड (पाच इलेक्ट्रोडची ट्यूब), रशियन ६झे१पी आणि अमेरिकन ६एके५ च्या कुटुंबातली. बहुतेक बोर्डांवर १२ व्होल्ट एसी दुप्पट करून ३०-३५ व्होल्ट डीसी होतो, त्यामुळे बोर्डावर जिवाला धोका नाही. एवढ्या कमी दाबावर ट्यूब तिच्या सर्वोत्तम जागी चालत नाही, हे धरून चाला. १२एयू७ ला नीट चालवायचं तर शंभराच्या वरच व्होल्ट हवेत; लहान मूल असताना तो विचार सोडा. ट्यूबखाली निळा किंवा नारिंगी उजेड दिसेल, तो एलईडीचा असतो. हीटर, म्हणजे ट्यूबमधली तापणारी तार, मंद लालसर असतो, दिवे मालवले तरच दिसतो.

आउटपुट कपॅसिटर आधी बघा. ०.४७ मायक्रोफॅरड आणि समोर १० किलोओहमचा ॲम्प असेल तर ३४ हर्ट्झच्या आसपासच ३ डीबी घट येते, डग्ग्याची घुमारी पातळ होते. २.२ चा फिल्म कपॅसिटर लावा, काळजी मिटली.

हमसाठी: ट्रान्सफॉर्मर बोर्डापासून लांब, शक्यतो वेगळ्या डब्यात. हीटरच्या एसी वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या. सेटटॉप बॉक्सची कोॲक्स केबल काढल्यावर हम थांबला तर तो ग्राउंड लूप (अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याने होणारा त्रास) आहे, बफरला दोष देऊ नका. अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका. सुरू करताना बफर आधी, ॲम्प शेवटी. बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरमधून धप्प आवाज येतो.

---

आणखी एक प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत, पण मला खरा आरोपी काच आणि टाइल्स वाटतात. तार सप्तक आणि पेटीचे वरचे सूर तिथूनच परत येतात. स्पीकर आणि बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी टाका, काचेवर जाड पडदा ओढा. स्पीकर थेट कानाकडे रोखलेले असतील तर थोडे बाहेर वळवा, ट्वीटरची धार कमी होते. जवारी जात नाही, कारण सिग्नलला तुम्ही हात लावलेला नाही.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल सतरंजी आणि घरातली जुनी गोधडी काचेवर टाकून तीच सीडी लावली. तार षड्ज आता टोचत नाही, पेटी अजून थोडी बोचते. पडदे शिवायला टाकतोय. बोर्ड त्यानंतर, तोही हौस म्हणून आणि व्होल्ट सारखे करूनच. एक शंका राहिली: पुण्यातल्या तपकीर गल्लीत १२-०-१२ चा १ अँपिअर ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो, नुसता १२ चा शोधावा लागतो. तो चालेल का?

---

पहिल्या प्रतिसादकाकडून:

चालेल. मधली वायर आणि कडेची कोणतीही एक वापरा, तिसरीचं टोक स्लीव्ह घालून बंद करा. दोन ६जे१ चे हीटर सिरीजमध्ये मिळून १७५ मिलिअँपिअर घेतात, म्हणजे १ अँपिअर भरपूर झाला. प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला) फ्यूज टाकायला विसरू नका.