प्रतिसाद: इओसिनोफिलचा आकडा आणि चालू गोळ्या
रक्तात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले नाहीत, म्हणजे दम्याच्या नव्या इंजेक्शनांचा उपयोग नाही, हा वरील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या काकांचा अहवालही असाच आला होता. मात्र रक्त दिले तेव्हा त्यांच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या, आणि या गोळ्या काही तासांतच तो आकडा खाली आणतात, हे आम्हाला कुठे ठाऊक होते? श्वासनलिकांना सूज आणणाऱ्या या पेशी इंटरल्यूकिन-५ या रेणूच्या जोरावर वाढतात व टिकतात, आणि त्यालाच अडवणारे मेपोलिझुमॅब हे नवे इंजेक्शन कोणाला द्यावे हे ठरवताना हीच मोजणी, साधारणतः मायक्रोलिटरमागे १५० किंवा त्याहून अधिक, पाहिली जाते. त्यामुळे गोळ्या सुरू होण्यापूर्वीचे जुने अहवाल शोधून डॉक्टरांना दाखवावेत.