'द बॅड सीड' पाहिला आणि रात्री लेकीचं दप्तर उघडलं

निंबोणी:
परवा रात्री नवऱ्याबरोबर १९५६ चा 'द बॅड सीड' पाहिला. आठ वर्षांची रोडा. दोन घट्ट वेण्या, मोठ्यांशी बोलणं अदबीचं, खोली कायम आवरलेली. सुंदर हस्ताक्षराचं पदक तिला न मिळता वर्गातल्या क्लॉडला मिळतं आणि सहलीच्या दिवशी क्लॉड पाण्यात मरतो. पदक सापडतं रोडाच्या खोलीत. मग तिच्या आईला, क्रिस्टीनला, कळतं की आपण स्वतःच दत्तक आहोत आणि आपली जन्मदाती एक खुनी बाई होती. म्हणजे आजीचं विष मधली पिढी ओलांडून थेट नातीत उतरलं.

मला तो नुसता सिनेमा म्हणून पाहता आला नाही. आमची मुलगी दत्तक आहे. पावणेदोन वर्षांची असताना घरी आली, आता आठ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने मैत्रिणीचं वासाचं खोडरबर घरी आणलं. विचारलं तर म्हणाली, "तिनेच दिलं." दिलं नव्हतं. मीही दुसरीत असताना शाळेतले रंगीत खडू आणले होते. आई रागावली, विषय संपला. हिच्या वेळी मात्र घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "खाण तशी माती. कुणाचं रक्त, आपल्याला काय ठाऊक!"

तेव्हा मी भांडले. पण परवा सिनेमा संपल्यावर, रात्री साडेबाराला, ती झोपलेली असताना मी तिचं दप्तर उघडलं. वह्या, कंपास आणि खालच्या कप्प्यात मूठभर चिंचोके. तशीच फरशीवर बसून राहिले.

असे सिनेमे खरंच 'वाईटपणा रक्तातून येतो' म्हणतात का, की मी घाबरून तेवढंच पाहिलं? जाणकारांनी सांगा. मला हे खरंच समजून घ्यायचंय.

जुना_प्रेक्षक:
ताई, तुम्ही बरोबर पाहिलंत. हा सिनेमा बाजू घेतो. त्यात प्रश्न उघड विचारलाय: गुन्हेकथा लिहिणारा टास्कर म्हणतो, काही माणसं जन्मतःच तशी असतात, क्रिस्टीनचे वडील ब्राव्हो म्हणतात, नाही, सगळं परिस्थितीमुळे. आणि नेमके ब्राव्होच मुलीपासून तिचा जन्म लपवत असतात! त्यामुळे त्यांचं म्हणणं आपोआप लंगडं पडतं.

शेवटाचंही सांगतो. विल्यम मार्चची कादंबरी आणि मॅक्सवेल अँडरसनचं नाटक, दोन्ही १९५४ ची. दोन्हीत आई मरते आणि मुलगी जिवंत राहते. तेव्हाच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत गुन्हेगार सुटलेला चालत नसे, म्हणून पडद्यावर आई वाचते आणि रोडावर वीज पडते. त्यावरही समाधान नाही: शेवटी कलाकारांची ओळख होते आणि 'आई' नॅन्सी केली 'रोडा' पॅटी मॅकॉर्मॅकला मांडीवर घेऊन फटके देते. दोघींनी ब्रॉडवेवरही हीच कामं केली होती.

पण मला कायम खटकतं ते दुसरंच. क्रिस्टीन ही तर त्या खुनी बाईची सख्खी मुलगी. रक्ताने ती आजीच्या नातीपेक्षा जवळची. तरी सगळ्या सिनेमात तिच्याइतकं सरळ माणूस नाही. ती वाढली कुणाच्या घरात? ब्राव्होंच्या, मायेत, दत्तक म्हणून. यावर सिनेमा एक शब्द बोलत नाही. ज्या उदाहरणाने सगळा युक्तिवाद कोसळतो, ते पहिल्या दृश्यापासून समोर उभं असतं.

कातरवेळ:
वरचं पटलं, पण संगोपनाकडे बोट दाखवणंही तितकंच क्रूर होऊ शकतं. 'वी नीड टू टॉक अबाउट केविन' (२०११) बघा. त्यातला केविन पुढे शाळेत मुलांचे जीव घेतो. बाळ रडायचं थांबत नाही म्हणून टिल्डा स्विंटनची ईव्हा रस्ता फोडणाऱ्या यंत्राशेजारी बाबागाडी घेऊन उभी राहते, त्या आवाजात रडणं ऐकू येऊ नये म्हणून. मी जुळ्यांची आई आहे. तो प्रसंग मला शरीरात जाणवला. पण लोक काय म्हणाले? "बघा, आईला मूल नकोच होतं." केविन आपल्याला दिसतो तो बहुतेक ईव्हाच्या आठवणीतूनच. तो मुळात कसा होता, हे आपल्याला कळूच शकत नाही.

'अ‍ॅडोलसन्स' (२०२५) या मालिकेत शाळेतल्या मुलीच्या खुनासाठी पकडलेला तेरा वर्षांचा जेमी मानसशास्त्रज्ञाला सांगतो, फुटबॉल खेळताना माझं चुकलं की बाबा दुसरीकडे बघायचे. त्या बाबाला स्वतःच्या बापाने मारलेलं असतं आणि त्याने मुलांवर कधी हात उचललेला नाही. त्याच घरात जेमीची बहीण लिसाही वाढली, ती किती समंजस! रक्त तेच, घरही तेच. आणि बंद खोलीत मोबाइलवर मुलगा काय शिकत होता, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडची म्हण आठवते: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आता तो ढवळ्या फोनमध्ये असतो.

समुपदेशक_ताई:
गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात, त्या निरीक्षणगृहात मी अकरा वर्षं काम केलं. कायद्याच्या भाषेत आमची मुलं 'विधिसंघर्षग्रस्त बालकं'. तिथे रोडासारखं, मनात काहीच न हलणारं मूल मला भेटलं नाही. भेटली ती भुकेली, मार खाल्लेली, मोठ्यांनी पुढे ढकललेली मुलं. स्वभाव उपजत असतो, हे मी नाकारत नाही. एखादं मूल तापट, एखादं बेधडक, हे पहिल्या आठवड्यात दिसतं. पण त्या बेधडकपणाचं पुढे काय होणार, हे जन्माला ठरत नाही.

निंबोणी, दप्तर तपासलंत त्याचं ओझं घेऊ नका. पण पुन्हा तपासू नका. आमच्याकडच्या मुलांचे खिसे रोज तपासले जायचे. एकदा एक चौदा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शोधताच आहात, तर मी ठेवतो काहीतरी."

आणि तुमच्या लेकीचं खोडरबराचं प्रकरण संपलं कसं? ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

निंबोणी:
खरंच, लिहिलं नाही. ते मी सिनेमाच्या नादात विसरूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी तिने खोडरबर परत दिलं, सोबत स्वतःची फुलपाखराची टिकलीही दिली. मी सांगितलं नव्हतं. मैत्रिणीच्या आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मला कळलं.

काल तिला विचारलं, चिंचोके कशाला साठवतेस? म्हणाली, त्याच मैत्रिणीबरोबर खेळायला. आज तिला शाळेतून घरी घेऊन आलेय. दोघी आत खेळतायत, दार त्यांनीच लोटून घेतलंय आणि मी बाहेर बसून हे लिहितेय.